मिरची बोळातल्या सहा कबुल्या

१

रविवारी सकाळी बसम्मा घागर घेऊन नळावर गेली आणि रिकाम्या घागरीनंच परत आली. भिंतीला टेकवून ठेवलेला देव जागेवर नव्हता.

देव हा बसम्माचा शब्द. मागच्या खोलीत राहणारे निवृत्त हेडमास्तर यज्ञेश्वर गुरुजी त्याला वीरगळ म्हणत. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या आठवणीसाठी गावोगाव असे कोरलेले दगड उभे करत, ते सात-आठशे वर्षांपूर्वी. हा शुक्रवारी निघाला होता, पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेताना. छातीइतका उंच, दीड हात रुंद, वीतभर जाड. अंगावर चिखलाचा थर इतका घट्ट, की त्यातून एक तलवार धरलेला हात आणि कपाळाचा थोडा भाग तेवढा दिसत होता. गुरुजींनी ताबडतोब वस्तुसंग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. ते सोमवारी येणार होते. तोवर दगडाला पाण्याचा थेंब लावायचा नाही, अशी गुरुजींची ताकीद होती. तरी शनिवारी गल्लीतल्या बायका येऊन हळद-कुंकू वाहून गेल्याच.

ही जागा म्हणजे कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीमागचा मिरची बोळ. गडहिंग्लजचे मिरचीचे व्यापारी शिवमूर्ती यांची इथं जुनी चाळ होती. मागची गुरुजींची खोली तेवढी ठेवून बाकी पाडली होती आणि तिथं तीन मजली इमारत उठत होती. खाली दुकानं, मधे जुने भाडेकरू, आणि सगळ्यात वर अशा पोरांसाठी खोल्या, ज्यांना अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडावं लागतं आणि बाहेर त्यांचं कुणी नसतं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, पायावर उभं राहीपर्यंत जेवण आणि कामाची सोय. शिवमूर्तींच्या ट्रस्टनं ते ठरवलं होतं. साल दोन हजार तीन. इमारत व्हायची होती, पण पोरं आधीच आली होती. आवारातल्या पत्र्याच्या दोन शेडमध्ये सहा जण राहत होते. एकीत चार मुलगे, दुसरीत दोन मुली आणि सगळ्यांचा स्वयंपाक करणारी बसम्मा. पोरं तिला अव्वा, म्हणजे आई म्हणत.

पोलिसांनी मातीचे ढीग सळ्या खुपसून पाहिले, खड्डा पाहिला, शेड पाहिल्या, बांधकामाच्या खोल्या पाहिल्या. दगड नव्हता. बोळाच्या तोंडाशी गटारीसाठी आडवा चर खणला होता आणि त्यावर माणूस जाईल एवढी एक फळी टाकलेली. गाडी तर सोडाच, हातगाडीही आत-बाहेर करू शकत नव्हती. पहारेकरी केरबा शनिवारी दिवसभर आणि रात्रभर त्या फळीजवळच बसून होता. त्याच्यासमोरून दगड गेला नव्हता.

सोमवारी अधिकारी आले, मोकळी भिंत पाहून परत गेले. गुरुजींनी पोलिसांना एवढंच सांगितलं, "शुक्रवारी तो दगड खड्ड्यातून वर काढायला सहा जण लागले. आणि या आवारात धडधाकट माणसं सहाच राहतात."

२

मंगळवारी तपास फौजदार भैरवी नाडगौडा यांच्याकडे आला. त्या मूळच्या गडहिंग्लजच्या, शाळामास्तरांच्या घरातल्या. मराठीइतकंच कानडी येत होतं आणि आवाज चढवायची सवय नव्हती. आवारात सावली एकाच ठिकाणी होती, नळाजवळच्या शेवग्याखाली. तिथल्या धुण्याच्या दगडावर त्या बसल्या. टेकलेल्या तळहाताला दगडाची खरखर लागली, तसा त्यांनी हात मांडीवर घेतला आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली.

आधी कंत्राटदार हंबीरराव आला. तो काही लपवणाऱ्यातला नव्हता. "मॅडम, दगड निघाला तवाच म्या कपाळाला हात लावला हुता. सरकारी माणूस आला की काम बंद. न्हाय म्हणत न्हाय, तो गेला तर मला बरंच हाय. पर म्या न्हाय नेला." शनिवारी दुपारी कामगारांची आठवड्याची सुट्टी झाली, ते गावी गेले, आणि हंबीरराव बिद्रीला मेहुणीच्या लग्नाला गेला होता. त्याला तिथं शेकडो लोकांनी पाहिलं होतं.

सहा पोरं आणि बसम्मा शनिवारी दुपारपासून एका मंगल कार्यालयात वाढपाच्या कामावर होती. रात्री उशिरा थकून आली आणि दिवा न लावताच झोपली. तेव्हा दगड होता की नव्हता, कुणी पाहिलं नाही.

गुरुजी संध्याकाळी व्याख्यानमालेला गेले होते. तेही अंधारातच परतले. पोरांचा विषय निघताच त्यांचा चेहरा आक्रसला. ही मुलं इथं राहायला नकोत, असं ते पहिल्यापासून उघड म्हणत आले होते. त्यांची पत्नी विमलाबाई रविवारी पहाटेच्या एसटीनं माहेरी, नेसरीला गेल्या होत्या. त्या घरात नसल्यानं गुरुजींचे हाल चालले होते.

"जाण्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला काढल्या तिनं," ते म्हणाले. "पावसाळ्याआधी दरवर्षी काढते. पण वाळत कुठं घातल्यात देव जाणे. तीन रात्री धोतर पांघरून झोपतोय."

बसम्मानं विमलाबाईंबद्दल चांगलंच सांगितलं. फारसं बोलत नाहीत, पण सणाला पोरांना पुरणपोळी देतात, तीही गुरुजी बाहेर गेलेले बघून. नेसरीला माहेर आहे हे मात्र तिला आजच कळत होतं. बोळातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून तिनं ऐकलं होतं, की लग्न होऊन आल्यापासून विमलक्काच्या माहेरचं कुणी कधी या दारात आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी शिवमूर्ती गडहिंग्लजहून आले. कपाळावर भस्माची बोटं, पांढरं धोतर, आवाज खोल. ट्रस्टच्या बाकीच्या मंडळींनी त्यांना दोन दिवस छळलेलं दिसत होतं. त्यांनी पोरांना शेडसमोर उभं केलं.

"पोरांनो, मी तुमच्यासाठी भांडून दमलो. आता ऐका," ते म्हणाले. "ज्यानं केलं तो इथनं जाईल. शुक्रवारपर्यंत नाव कळलं नाही, तर वरचा मजलाच रद्द. मग सगळेच जाल."

सहाही जण खाली मान घालून उभे होते. भैरवी बाजूला उभ्या राहून त्यांच्याकडे पाहत होत्या. एकाच्याही चेहऱ्यावर त्यांना अपराध दिसला नाही. दिसलं ते वेगळंच काहीतरी, जणू प्रत्येक जण मनातल्या मनात काही ठरवत होता.

३

बुधवारी सकाळी भैरवी शेवग्याखाली येऊन बसतात न बसतात तोच वीरेश आला. वीस वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा, नखांत काळं तेल.

"मॅडम, दगड म्या नेला," तो म्हणाला.

कसा, असं भैरवींनी विचारलं. त्यानं सांगितलं, मित्राचा टेम्पो आणला, दगड घातला आणि रंकाळ्यात टाकला. चरावरून टेम्पो कसा गेला, यावर तो थोडा थांबला. मग म्हणाला, फळ्या टाकल्या. तपशील विचारला तर त्याला तो देता येईना. पण आपलं म्हणणं सोडायलाही तो तयार नव्हता. जाताना त्यानं एकच विनंती केली, बाकीच्यांना यातलं काही कळू देऊ नका.

भैरवींनी त्याला कामावर पाठवलं. खोटं बोलतोय हे उघड होतं. कुणाला तरी वाचवतोय, असं त्यांना वाटलं. ज्याला वाचवतोय तोच चोर.

दुपारी दानेश्वरी आली. गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर ती तान्ही सापडली होती. आता एका दवाखान्यात पेशंटची कामं करत होती. तिनं पाठ सरळ ठेवून सांगितलं, की दगड तिनं विकला. घेणारा कर्नाटकातला होता, नाव माहीत नाही. तो उचलला कसा, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. आणि तीही म्हणाली, "बाकीच्यांस्नी सांगू नका."

भैरवींच्या मनातला पहिला तर्क तिथंच कोसळला. वीरेश दानेश्वरीला वाचवत असेल, तर दानेश्वरी कुणाला वाचवतेय? आणि ती खरी असेल, तर तिला दगड हलवता कसा आला?

संध्याकाळी बेकरीत काम करणारा मुलगा आला. त्यानं घणानं दगड फोडला होता म्हणे, आणि तुकडे स्लॅबच्या काँक्रीटमध्ये घातले होते. त्या आठवड्यात स्लॅब पडलाच नव्हता.

गुरुवारी उजाडल्यावर आणखी दोघं आली. एकानं दगड पंचगंगेत सोडला होता. कपड्याच्या दुकानात काम करणाऱ्या भूमिकानं तो पुरला होता, पण कुठं ते आठवत नव्हतं. पाचही जणांची हकीकत निराळी होती. एकीचा दुसरीशी मेळ बसत नव्हता, म्हणजे हे ठरवून चाललं नव्हतं. प्रत्येक जण एकटा येत होता, इतरांची नजर चुकवून, आणि प्रत्येक जण तीच एक विनंती करून जात होता.

हवालदार हसून म्हणाला, "मॅडम, आयुष्यात कबुली काढायला माणसं बडवली. हितं तर रांग लागलीया."

भैरवींना हसू आलं नाही. आता सहावा यायचा राहिला होता. तो आला नाही, तर तोच चोर. आणि आला, तर त्यांच्या हातात काहीच उरणार नव्हतं.

४

तो आला. मृत्युंजय, सगळ्यांत लहान, अठरा नुकतीच पूर्ण झालेली. चार-पाच वर्षांचा असताना स्टेशनवरून बालगृहात आणला, तेव्हा जगेल असं कुणाला वाटत नव्हतं, म्हणून तिथल्या बाईंनी हे नाव ठेवलं होतं. अजूनही हातापायांच्या काड्या होत्या. शुक्रवारी दगड काढताना त्याला फक्त दोर धरायला दिला होता.

"दगड म्या उचलला," तो म्हणाला.

"एकट्यानं?"

"व्हय."

भैरवींनी त्याला शेजारी, धुण्याच्या दगडावर बसायला सांगितलं. तो बसला. त्यांनी आवाज आणखी खाली आणला आणि कानडीत विचारलं, बाळ, खरं सांग, तू असं का म्हणतोस. बालगृहात येण्याआधी हीच भाषा त्याच्या कानावर पडली असावी. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"साहेब म्हणालं न्हाय का, ज्यानं केलं तो जाईल म्हणून," तो शेवटी मराठीतच म्हणाला. "एक गेला तर पाच ऱ्हात्यात. न्हाईतर समदी जात्यात. मी धाकटा हाय. मला स्टेशनवर ऱ्हायची सवय हाय."

पोलिसात बारा वर्षं काढलेल्या भैरवींना समोरच्या मुलाकडे नीट पाहता येईना. या दोन दिवसांतल्या पाच जणांचे चेहरे एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्या प्रत्येकानं मनात काय ठरवलं होतं तेही लख्ख समजलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सहा जणांनी वेगवेगळं बसून एकच हिशेब मांडला होता, आणि प्रत्येकानं वजा करायला स्वतःला निवडलं होतं. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आपोआप आवाज बंद होतो, तसं त्यांना झालं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला जा म्हणून सांगितलं.

सहा कबुल्या, आणि सहाही जण निर्दोष. शुक्रवार उद्यावर आला होता.

त्या तशाच बसून राहिल्या असताना बसम्मा नळावर आली. घागर नळाखाली, दगडाच्या टोकावर ठेवायला गेली, ती बसेना. तिनं ती तिरकी धरली आणि कुरकुरत भरू लागली.

"काय झालं?" भैरवींनी सहज विचारलं.

"हा नळ, बाई. रविवारपासनं खाली आलाय. आधी घागर सरळ बसायची."

भैरवींनी नळाकडे पाहिलं. तो भिंतीत सिमेंटनं बसवलेला होता. लोखंडी पाइपही भिंतीतच गाडलेला. नळ कधी खाली येत नाही.

त्या सावकाश उठल्या आणि ज्यावर तीन दिवस बसल्या होत्या त्या दगडाकडे पाहू लागल्या.

५

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जीप निघाली. कागल, निपाणी करत गडहिंग्लज मागे टाकलं आणि ऊन चढायच्या आत नेसरी आलं. मास्तरांच्या बायकोचं माहेर कुणाचं, हे गावात कुणाला सांगता येईना. पण कोल्हापूरच्या पाहुण्या विठाबाईंकडे उतरल्यात, हे पहिल्याच टपरीवर कळलं.

दोघी म्हाताऱ्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. जीप बघून विठाबाई उठल्या. विमलाबाई बसूनच राहिल्या. त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

भैरवींनी चौकशीचा सूर लावलाच नाही. त्या सोप्याच्या कट्ट्यावर टेकल्या आणि आपल्याला काय काय समजलं ते सांगत गेल्या. चरामुळे दगड आवाराबाहेर जाऊच शकत नव्हता, म्हणजे तो आतच होता. उचलायला सहा जण लागतात, पण भिंतीला टेकलेला दगड आडवा करायला उचलावा लागत नाही. मागं पहार घालून एका माणसानं रेटलं तरी तो पुढं येतो. पुढं होता धुण्याचा दगड. शनिवारी तिथं भिजलेल्या वाकळांचा ढीग होता. त्या वाकळांवर तो अलगद पालथा झाला, फुटला नाही आणि आवाजही आला नाही. कडेनं चिखल लिंपला की झालं. जिथं वर्षानुवर्षं एक आडवा दगड लोक बघत आलेत, तिथं आडवा दगडच दिसत राहिला. फक्त वीतभर वर आला. म्हणून घागर नळाखाली बसेना. एवढी वर्षं कपडे आपटलेला दगड गुळगुळीत हवा, हा हाताला टोचत होता. आणि गुरुजींच्या वाकळा कुठंच वाळत नव्हत्या.

"त्या दगडावर रोज धुणारं एकच माणूस आहे," भैरवी म्हणाल्या. "शनिवारी संध्याकाळी आवारात एकटं होतं, तेही तेच. इतकं मला कळलं. का केलंत, ते कळलं नाही."

विमलाबाईंनी विठाबाईंकडे पाहिलं. विठाबाईंनी मान हलवली, सांग म्हणून.

विमलाबाईंनी जे सांगितलं ते असं. या दोघी सख्ख्या बहिणी नव्हेत, मानलेल्याही नव्हेत. दोघी एकाच अनाथाश्रमात वाढल्या. अठरा पूर्ण झाली की तिथून बाहेर, हाच नियम तेव्हाही होता. दोघींची अठरा एकाच महिन्यात भरली. एका दुपारी दोन मुलगे बघायला आले. पुढच्या खुर्चीवर जो बसला होता तो विठाला दिला, मागं बसला होता तो विमलला.

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं की," विमलाबाई म्हणाल्या. "नाही म्हटलं असतं तर दाराबाहेर रस्ता होता. म्हणून हो म्हटलं. माणूस चांगला निघाला, माझं नशीब. पण मी कुठून आले हे बोळात कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. ती पोरं आल्यापासून ते त्यांच्यावर रागावत नाहीत हो, भितात. माझं उघडं पडेल म्हणून."

शुक्रवारी रात्री गुरुजी खुशीत म्हणाले होते, की आता सरकार सगळं आवार बंद करेल, काम वर्षानुवर्षं थांबेल, पोरं आपोआप जातील. ते ऐकून त्यांना झोप लागली नव्हती. अधिकारी येऊन रिकाम्या हातानं गेले, की काम चालू राहील. वरचं छत घालून झालं की आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलता येईना, म्हणून त्या इथं निघून आल्या.

"पोरांवर आळ येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना काही केलं का कुणी?"

भैरवींनी त्यांना सहा कबुल्यांचं सांगितलं. शेवटी मृत्युंजय काय म्हणाला, तेही.

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. विठाबाई उठून आत गेल्या आणि त्यांची पिशवी भरून घेऊन आल्या.

६

जीप परतली तेव्हा दुपार टळली होती. निरोप मिळाल्यामुळे शिवमूर्ती आले होते, वस्तुसंग्रहालयाचे अधिकारी आले होते, गुरुजी दाराशी उभे होते. पोरं शेडसमोर बोचकी बांधून बसली होती. विमलाबाईंनी कुणाला पुढं बोलू दिलं नाही. आपण काय केलं ते त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. त्या कुठं वाढल्या, तेही. गुरुजींनी एकदा भिंतीला हात टेकला. मग ते चालत पुढं आले आणि बायकोच्या शेजारी उभे राहिले. बोळातल्या बायका छपरांवरून बघत होत्या.

"अव्वा, त्यो देव पालथा पडलाय व्हय आठवडाभर," वीरेश म्हणाला आणि दोर आणायला धावला.

सहा जणांनी बांबू घातले. हंबीररावानं पहार लावली. दगड हळूहळू उभा राहिला, आणि त्याबरोबर अंगाला चिकटलेल्या वाकळा सोलल्यासारख्या गळून पडल्या. आठवडाभर भिजून चिखल सुटा झाला होता, तो सगळा कापडानं ओढून घेतला होता. खाली काळा दगड, नुकताच न्हाऊन निघाल्यासारखा. मावळतीचं ऊन त्यावर तिरपं पडलं आणि कोरीव काम उठून दिसू लागलं.

वरच्या भागात शिवलिंग आणि हात जोडलेला माणूस. शिवमूर्तींचा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला. मधल्या भागात त्या माणसाला अप्सरा वर नेत होत्या. खालच्या भागात तो लढत होता. एकटा, पाय रोवून, समोरून भाले. आणि त्याच्या पाठीमागं, त्याच्या गुडघ्याएवढी, एकमेकांना बिलगलेली लहान लहान डोकी.

अधिकारी गुडघ्यावर बसून पाहत राहिले. एरवी इथं गाई असतात, असं ते हळूच म्हणाले. गावची गुरं वाचवताना मेलेल्यांचे दगड पुष्कळ सापडतात. झिजल्यामुळे ही गुरं आहेत की पोरं, हे आपल्याला आज सांगता येणार नाही. मग बसम्मानं गर्दीतून पुढं येऊन त्या छोट्या डोक्यांवरून ओला हात फिरवला. अधिकाऱ्यांनी तिला अडवलं नाही.

पुढचं लवकर उरकलं. वस्तू आवारातच, न फुटता मिळाली होती, चोरी झालीच नव्हती. भैरवींनी तसं लिहायचं ठरवलं. टाकीचा खड्डा तपासून होईपर्यंत तिथं खणायचं नाही, टाकी दुसरीकडे घ्यावी, पण इमारतीचं काम थांबवायचं कारण नाही, असं अधिकारी म्हणाले. गुरुजींचा चेहरा या वेळी आक्रसला नाही. त्यांनी मृत्युंजयच्या हातातलं बोचकं घेतलं आणि शेडमध्ये परत ठेवून आले.

शिवमूर्ती भैरवींजवळ आले आणि आपण पोरांना जे बोललो त्याची लाज वाटते म्हणाले. मग कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं त्यांनी विचारलं, "तंगी, तुला शेवटपर्यंत एकाही पोराचा संशय आला नाही?"

"सहाही जणांचा आला," भैरवी म्हणाल्या. "थांबा, ते त्यांनाही सांगायचंय."

त्यांनी पोरांना जवळ बोलावलं. ती आली. कपडे चिखलानं भरलेले, हातांना दोराचे वळ. वीरेश, दानेश्वरी आणि इतर, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक धास्ती होती. आपली गोष्ट आता ही बाई सगळ्यांत फोडणार. कुणाला सांगणार नाही असा शब्द भैरवींनी एकालाही दिला नव्हता, पण तो मागितला गेला होता, हे त्यांना आठवत होतं. तरी हे न सांगता निघून जाणं त्यांना जमेना.

"तुमच्यातला एक जण माझ्याकडे आला होता," त्या म्हणाल्या. "मी केलं, मला बाहेर काढा, बाकीच्यांना राहू द्या, असं सांगायला."

सहा माना खाली गेल्या. सहाही जणांचे कान लाल झाले.

"मग दुसरी आली. मग तिसरा. तुम्ही सगळे आलात."

आधी कुणाला कळलंच नाही. मग दानेश्वरीनं मान वर करून वीरेशकडे पाहिलं. वीरेशनं बेकरीवाल्याकडे. नजर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेली आणि शेवटी सगळे मृत्युंजयकडे बघू लागले.

"तू बी?" वीरेशनं विचारलं.

मृत्युंजय त्या पाच जणांकडे पाहत होता. जन्मल्यापासून कुणी त्याच्यासाठी काही सोडलं नव्हतं. त्याला ते मोजता येईना. तो गोंधळून म्हणाला, "समदीच जाणार हुता, तर मग ऱ्हाणार कोण हुतं?"

भूमिकाला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती मटकन खाली बसून रडू लागली. दानेश्वरी तिच्याशेजारी बसली. मग एकेक करत सगळेच त्या ओल्या मातीत बसले, एकमेकांना खेटून.

रस्त्यावर ड्रायव्हरनं जीप चालू केली होती. भैरवी फळीपर्यंत गेल्या, थांबल्या, आणि इंजिन बंद कर म्हणून त्यांनी हातानं खूण केली.